पिल्लाला वळण, घराला शिस्त

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात कुत्रं आणायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती नावाची. मोती म्हणायचं की ब्रूनो, शेरू म्हणायचं की सिम्बा. मग जात कोणती, रंग कोणता, पट्टा लाल घ्यायचा की निळा. मुलं आपापसांत वाटणी करून टाकतात. एक जण त्याला खायला घालणार, दुसरा फिरवायला नेणार. एका प्रश्नावर मात्र कोणी बोलत नाही. हे पिल्लू शी-शू कुठे करणार? मग पिल्लू घरी येतं आणि पहिल्या दहा मिनिटांतच हॉलच्या मधोमध या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळं होतं.

त्या दिवशी सगळे हसतात. आठवड्याने कोणी हसत नाही. घरातलं हसू विरतं आणि कटकट सुरू होते. फडकं घेऊन पुसायला बसते ती बहुतेक घरांत गृहिणी, म्हणजे जिने कुत्रं मागितलेलंही नसतं. आजोबांचा पाय ओल्या फरशीवरून सटकतो. पाहुण्यांना वास येतो, शेजारी नाक मुरडतात. मी पशुवैद्य आहे. 'याला कोणाला तरी देऊन टाकायचंय, तुमच्या माहितीत कोणी आहे का?' असं विचारणारी माणसं दवाखान्यात येतात. कारण विचारलं तर कुत्रं चावतं, भुंकतं हे कमी वेळा ऐकायला मिळतं. 'घरात घाण करतं हो,' हे जास्त वेळा. सहा-सात महिन्यांचं, धडधाकट, जीव लावणारं जनावर एवढ्या एका कारणासाठी घराबाहेर जातं. पुढे त्याचं काय होतं ते रस्त्यावर आपल्याला दिसतंच. म्हणून आजचा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडला नव्हता. गावातल्या घराला अंगण होतं, मागे परसू होतं, पलीकडे शेत होतं. कुत्रं ओट्याखाली नाहीतर गोठ्याच्या दाराशी झोपायचं. भाकरीचा तुकडा मिळाला की शेपूट हलवायचं आणि आपले विधी दूर बांधाला उरकून यायचं. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. मग घर दुसऱ्या मजल्यावर गेलं, चौथ्या गेलं, आता चौदाव्या मजल्यावरही गेलं आणि अंगणाच्या जागी गॅलरी आली. कुत्र्याचा स्वभाव बदलला नाही, आपलं घर बदललं. दार आपण बंद केलं आहे, त्यामुळे त्याला बाहेर नेण्याची जबाबदारीही आपल्यावर आली. इथून विचार सुरू केला की पुढचं सोपं होतं.

पिल्लाच्या जन्मापासून पाहू या. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शूसुद्धा करता येत नाही. आई त्याला जिभेने चाटते, त्या स्पर्शाने ते मोकळं होतं आणि ती जागा आईच स्वच्छ करते. दोन आठवड्यांच्या सुमाराला डोळे उघडतात. तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू लटपटत चालायला लागतं, आणि मग एक गंमत दिसते. ते आपल्या झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन शू करतं. आपलं अंथरूण ओलं करायचं नाही, ही समज निसर्गाने त्याला दिलेलीच असते. आपल्याला फक्त एवढं पटवून द्यायचं असतं की बाबा रे, तुझं अंथरूण म्हणजे ती फाटकी गोधडी एवढंच नाही. हॉल, स्वयंपाकघर, आजीची खोली, हे सगळं तुझं अंथरूणच आहे. त्याच्या डोक्यातली घराची हद्द हळूहळू वाढवत न्यायची. घरचं वळण लावणं म्हणजे एवढंच.

आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला पिल्लाच्या पायांना सवय लागायला लागते. मातीवर बसायची सवय लागली तर ते माती शोधतं, फरशीवर लागली तर फरशी. म्हणून पिल्लू जिथून आणायचं ती जागा आपल्या डोळ्यांनी पाहून यावी. जी पिल्लं लहानशा पिंजऱ्यात कोंबून ठेवलेली असतात, ती नाइलाजाने झोपतात तिथेच घाण करतात आणि निसर्गाने दिलेली ती पहिली समजच मोडून जाते. अशा पिल्लाला शिकवायला दुप्पट चिकाटी लागते. उलट आपलं गावठी कुत्रं, जरा मोठं झाल्यावर रस्त्यावरून उचलून आणलेलं, पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत शहाणं होतं. मातीवर, झोपायच्या जागेपासून लांब जाऊन बसण्याची सवय त्याला आधीपासूनच असते. 2003 साली हचच्या जाहिरातीत पग दिसला आणि घराघरांतून पगची मागणी सुरू झाली. जाहिरातीत तो मुलाच्या मागे मागे धावताना दिसला. त्याच्या मागे फडकं घेऊन धावणारं माणूस कॅमेऱ्यात आलं नाही.

आता मूत्राशयाचा हिशेब. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास धरू शकतं. ढोबळ हिशेब असा सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा; तितके तास. म्हणजे तीन महिन्यांचं असेल तर चार तास. पण ही झाली कमाल मर्यादा, आणि तीही शांत पडून असताना. जागं असेल, खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासातही त्याला लागते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींचं मूत्राशयही छोटं, त्यामुळे त्यांना वेळ जास्त लागतो. सकाळी नऊला कुलूप लावून दोघं नोकरीला गेली आणि संध्याकाळी सातला आली, तर मधल्या दहा तासांत दोन महिन्यांच्या पिल्लाने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? ते त्याच्या हट्टीपणाचं लक्षण नसतं, शरीराचा साधा हिशेब असतो. दिवसभर घरात कोणी नसेल तर पिल्लू आणूच नये, किंवा मध्ये दोनदा येऊन बघणारं भरवशाचं माणूस आधी शोधावं.

दिवसात काही वेळा अशा असतात की तेव्हा पिल्लाला लागणारच. झोपेतून उठल्याबरोबर. खाल्ल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं. तान्ह्या बाळाचंही तसंच असतं, हे आपल्या आयांना ठाऊक आहे. भरपूर पाणी प्यायल्यावर. दंगामस्ती करून झाल्यावर. आणि रात्री झोपण्यापूर्वी. या प्रत्येक वेळी पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. याशिवाय मध्येच खेळ सोडून ते फरशी हुंगू लागलं, गोल गोल फिरायला लागलं, कोपरा शोधायला लागलं, तर हातातलं काम टाकून त्याला उचला. पहिले दोन-तीन आठवडे घरातल्या एका माणसाची नजर सतत त्याच्यावर हवी. नजर ठेवणं जमणार नसेल, तर तेवढा वेळ त्याला छोट्या जागेत ठेवावं. लाकडी पाट आडवा लावून केलेला कोपरा चालतो, पिंजरा चालतो. पिंजरा म्हणजे तुरुंग नव्हे. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, एवढी ती जागा असावी. फार मोठी असली तर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला संडास अशी सोय ते करून घेतं. आणि शिक्षा म्हणून त्यात कधी कोंडू नये.

यावर लगेच प्रश्न येतो, 'ठरलेली जागा म्हणजे कोणती?' इथे आपल्याकडे एक अडचण आहे. लसीकरण पुरं होईपर्यंत पिल्लाला जिथे इतर कुत्री येतात त्या मातीत सोडता येत नाही. पार्व्हो नावाचा विषाणूजन्य आजार आहे. त्यात रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-चार दिवसांत पिल्लू दगावू शकतं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, त्या साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. म्हणजे शिकायचं वय नेमकं घरात बसून काढायचं.

मग करायचं काय? गॅलरी असेल तर सर्वांत उत्तम. एक उथळ, मोठा ट्रे घ्यावा, त्यात रोपवाटिकेतली माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवावा. कडा बुटक्या असाव्यात, पिल्लाला चढता आलं पाहिजे. पुढे त्याला मातीवरच बसायचं आहे, तर पायांना आतापासून मातीची ओळख झालेली बरी. गॅलरी नसेल तर आपली रद्दी आहेच. (वर्तमानपत्राचे संपादक रागावणार नाहीत अशी आशा आहे.) बाथरूमच्या दाराशी किंवा घराच्या मुख्य दाराजवळ चार-पाच कागद पसरावेत. वरचा ओला कागद उचलताना खालचा किंचित वास असलेला एक कागद राहू द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी पिल्लाचं नाकच त्याला तिथे घेऊन येतं. मग कागदांची जागा आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी लहान करत आणावी. लसी पुऱ्या झाल्या की त्यातला एक कागद घेऊन खाली मातीवर ठेवावा. चार-सहा दिवसांत कागदाची गरज उरत नाही. एकच पथ्य पाळावं. ट्रे आज इथे, उद्या तिथे असं करू नये. झोपायची आणि खायची जागा त्यापासून लांब असावी. आपणही न्हाणीघरात पंगत मांडत नाही.

त्या जागेवर नेल्यावर गप्प उभं राहावं. पिल्लू बसलं की एक ठरावीक शब्द हळू आवाजात म्हणावा. 'शू कर' म्हणा, 'चल, आटप' म्हणा, काहीही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरा. आपल्याकडे एक मौज आहे. ज्या घरात नातवंडांशी आग्रहाने मराठीत बोलतात, त्या घरातही कुत्र्याशी मात्र 'सिट, कम, नो, गो' असं इंग्रजीत बोलतात. कुत्र्याला दोन्ही भाषा सारख्याच. पण बाबा एक म्हणतात, आई दुसरं, मुलं तिसरं आणि आजी 'शुक शुक' करतात, तेव्हा त्या बिचाऱ्याला चारही कळत नाहीत.

काम झालं की कौतुक. आणि ते लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना 1904 साली पचनक्रियेवरच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनीच कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की एका गोष्टीचा दुसरीशी संबंध कुत्र्याच्या मनात कसा जोडला जातो. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या तर जोडल्या जातात. मध्ये फार वेळ गेला तर जोडल्या जात नाहीत. बाहेर शू केली आणि खाऊ मिळाला घरात आल्यावर, तर पिल्लाच्या हिशेबी तो खाऊ दारातून आत आल्याचा असतो. म्हणून उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा, पनीरचा कण, जे असेल ते खिशात घेऊनच खाली उतरा. तिथल्या तिथे द्या आणि 'शाब्बास' म्हणा.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळ जण पिल्लाने शू केली रे केली की 'झालं एकदाचं' म्हणून लगेच घराकडे वळतात. पिल्लू यातून वेगळाच धडा घेतं. शू केली की फिरणं संपतं, असा. मग ते धरून ठेवायला शिकतं. अर्धा तास झाडं हुंगत फिरतं आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या मोकळं होतं. मालक म्हणतो, 'मुद्दाम करतंय.' मुद्दाम काही नसतं. काम झाल्यावर पाच मिनिटं जास्त फिरवा, खेळवा. सवय आपोआप सुटते.

आता शिक्षेविषयी. घरात घाण केली की कुत्र्याचं नाक त्यात घासायचं, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने फटका मारायचा, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. ते सोडून द्या. त्यातून कुत्रं काय शिकतं? घरात घाण करू नये, हे नाही. माणसासमोर करू नये, एवढंच शिकतं. मग ते सोफ्याच्या मागे जाऊन करतं, पलंगाखाली जाऊन करतं आणि खाली नेलं तर आपण बाजूला उभे आहोत म्हणून करतच नाही. म्हणजे आपणच त्याला चोरून घाण करायला शिकवलं. ते चुकीच्या जागी बसताना डोळ्यांसमोर सापडलं तर हलकीशी टाळी वाजवा, उचला, योग्य जागी न्या, तिथे पुरं झालं की कौतुक करा. नंतर सापडलं तर काहीच करू नका. गुपचूप पुसून टाका.

'पण त्याला कळतं हो, आम्ही घरी आलो की कान पाडून, मान खाली घालून कोपऱ्यात बसतं.' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी यावर एक सुरेख प्रयोग केला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. 14 पाळीव कुत्री घेतली. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवून 'खायचं नाही' असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला जाई, कधी तो उचलून घेतला जाई. परतलेल्या मालकाला कुत्र्याने काय केलं ते सांगितलं जाई, पण ते दर वेळी खरं नसे. दिसलं असं की कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता याच्याशी त्याच्या अपराधी चेहऱ्याचा संबंधच नव्हता. संबंध होता मालकाच्या रागावण्याशी. उलट काहीही न खाता ज्यांना बोलणी बसली, ती कुत्री जास्त अपराधी दिसली. आपल्या कपाळावरची आठी वाचून ते कान पाडतं. ती कबुली नसते, 'मारू नका' अशी विनवणी असते.

पुसण्याविषयीही सांगायला हवं, कारण निम्मं शिक्षण फडक्यात आहे. जिथे वास राहील तिथे कुत्रं पुन्हा बसणार. आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याच्या नाकाला तो येतच असतो. नुसत्या पाण्याने पुसलं तर वास पसरतो. अमोनिया असलेलं द्रावण तर अजिबात वापरू नये, कारण लघवीलाही तोच वास असतो. फिनेलचा वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, पण त्याने मूळ वास जात नाही, झाकला जातो, आणि ओल्या फिनेलवर चालून पंजे चाटणाऱ्या पिल्लाला ते बाधू शकतं. आधी कोरड्या कागदाने किंवा फडक्याने सगळं टिपून घ्यावं. मग साबणाच्या पाण्याने धुवावं. त्यावर पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून पुसावं आणि वाळू द्यावं; फरशी संगमरवराची असेल तर मात्र व्हिनेगर नको, डाग पडतात. लघवीचा अंश मोडून टाकणारी, विकरं असलेली द्रावणं प्राण्यांच्या दुकानात मिळतात, ती चांगली. गालिचे पहिले सहा महिने गुंडाळून माळ्यावर टाकावेत. आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींवर हे काम ढकलू नये. कुत्रं आपण पाळलं आहे.

या सगळ्याला पाया खाण्याचा. दिवसभर ताटली भरून ठेवली तर दिवसभर बाहेर न्यावं लागेल. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, घड्याळाच्या ठोक्याला. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. आत जाण्याची वेळ ठरली की बाहेर येण्याचीही वेळ ठरते. रात्रीचं जेवण लवकर द्या. पाणी मात्र कधी तोडू नका, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. आणि दूध-पोळी! मराठी घरात पिल्लू आलं की पहिलं दूध-पोळीच पुढे येते. पुष्कळ पिल्लांना आईचं सुटल्यावर गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. पातळ शी होत असेल तर जगातला कोणताही शिक्षक त्या पिल्लाला वळण लावू शकणार नाही. पोटातल्या जंतांनीही असंच होतं. म्हणून जंतांचं औषध वेळापत्रकाप्रमाणे द्यावं.

रात्री पिल्लाला लांब गॅलरीत एकटं ठेवू नका. आपल्या पलंगाजवळ खोक्यात झोपवा. ते कुरकुरलं की ऐकू येईल, उचलून नेता येईल. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एकदा-दोनदा उठवावं लागतं. चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक पिल्लं रात्रभर झोपू लागतात. रात्रीचं उठणं मुकाट्याने व्हावं. दिवे लावून खेळ सुरू केला तर ते रोज दोन वाजता खेळायला उठवेल.

आपल्या हवामानाचंही पाहायला हवं. एप्रिलमध्ये शिकलेलं पिल्लू जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर सगळं विसरल्यासारखं वागतं. त्याला ओल्या गवतावर पाय ठेवायला आवडत नाही. पाऊस थोडा थांबला की नेणं, आडोशाची एक जागा ठरवणं, छत्री घेऊन आपणही भिजायची तयारी ठेवणं, याला इलाज नाही. उन्हाळ्यात डांबर तापतं, पंजे भाजतात. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर न्यावं. दिवाळीत फटाक्यांना घाबरून शहाणी कुत्रीही घरात शू करतात. तेव्हा रागावू नये. फटाके सुरू होण्यापूर्वीच फिरवून आणावं.

आणि काही वेळा हा शिक्षणाचा प्रश्नच नसतो. पाहुणे आले की आनंदाने किंवा भीतीने थेंब थेंब होणारी पिल्लं असतात. त्यांच्यावर ओरडलं तर ते वाढतं. दुर्लक्ष केलं, खाली बसून शांतपणे जवळ घेतलं तर वयाबरोबर जातं. सहा महिन्यांनंतर नर कुत्रा पाय वर करून सोफ्याला खुणा करू लागतो, ती लघवी लागल्याची खूण नसून हद्द आखण्याची असते. नसबंदीने ते पुष्कळदा कमी होतं. पण चांगलं शिकलेलं कुत्रं एकाएकी घरात करू लागलं, वारंवार करू लागलं, पाणी फार पिऊ लागलं, लघवीत रक्त दिसलं, तर त्याला दवाखान्यात आणा. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल, मधुमेह असेल, मुतखडा असेल. आजारी जनावराला आपण बेशिस्त ठरवतो, हा मोठा अन्याय आहे.

कुत्रं खाली जाऊ लागलं की घरचा प्रश्न सुटतो आणि सोसायटीचा सुरू होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हा कागद दाखवणाऱ्या मालकाने दुसऱ्या हातात पिशवीही धरावी. मुंबईत 2006 सालच्या स्वच्छतेच्या उपविधींत पाळीव प्राण्याची घाण रस्त्यावर सोडणाऱ्याला दंडाची तरतूद झाली. दंड राहू द्या, आरोग्याचा विचार करा. कुत्र्याच्या शीतून अंकुशकृमींसारख्या जंतांची अंडी मातीत जातात आणि त्याच मातीत आपल्या सोसायटीतली मुलं अनवाणी खेळतात. लेप्टोस्पायरोसिसचं नाव मुंबईकरांना 26 जुलै 2005 च्या पुरानंतर चांगलंच परिचित झालं. तो मुख्यतः उंदरांमुळे पसरतो हे खरं, पण लागण झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही ते जंतू बाहेर पडतात. त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी. शी कागदात उचलावी, घरी आणून संडासात टाकावी, कागद वेगळा कचऱ्यात टाकावा. जिन्यात, पार्किंगमध्ये काही झालं तर वॉचमनला हाक न मारता आपण पुसावं. कुत्रं पाळणाऱ्यांविषयी शेजाऱ्यांच्या मनात जो राग असतो, त्यातला निम्मा कुत्र्यावरचा नसतोच.

किती दिवस लागतील, असं सगळे विचारतात. नेटाने केलं तर दोन-तीन आठवड्यांत घडी बसते. पूर्ण भरवसा यायला सहा-आठ महिन्यांचं वय उजाडतं, काहींना वर्ष लागतं. मध्येच चार दिवस विसरल्यासारखं होतं, तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं. या दिवसांत खरं वळण लागतं ते घराला. सहाला उठणारं माणूस मिळतं, जेवणाच्या वेळा ठरतात, कामाची वाटणी होते. मुलांनी जी आश्वासनं दिली होती ती पाळून घ्यायची हीच वेळ. नाहीतर सगळा भार आईवर पडतो आणि मग तिने 'याला देऊन टाका' म्हटलं तर तिचं काय चुकलं?

शेवटी एक सांगते. कुत्रं बारा-तेरा वर्षांचं होतं. त्याचे सांधे धरतात, नजर मंदावते, कधी कधी बुद्धीही. दहा वर्षांत एकदाही न चुकलेलं कुत्रं एका सकाळी दारापर्यंत पोहोचायच्या आत ओलं करतं आणि आपल्याकडे पाहत उभं राहतं. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण म्हातारपणातही औषधाने बरंच सुधारतं. आणि नाहीच सुधारलं, तर पुन्हा कागद पसरा, पुन्हा दर दोन तासांनी न्या, रात्री पुन्हा एकदा उठा. पिल्लू असताना तीन महिने जे केलं तेच आता करायचं आहे. तेव्हा ते शिकेल या आशेने केलं होतं. आता ते शिकणार नाही, हे माहीत असून करायचं.